घरगुती डब्याचा धंदा: आधी भाव काढा, मग चूल पेटवा

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठेही जा, दोन-चार इमारतींमागे एक तरी घर असं सापडतं जिथून सकाळी अकराच्या सुमारास डब्यांच्या पिशव्या खाली उतरतात. हाताला चव असते, शेजारीपाजारी कौतुक करतात, कोणीतरी म्हणतं "काकू, माझ्याही मुलाला द्या ना डबा", आणि धंदा सुरू होतो. तो बंदही बऱ्याचदा याच शांतपणे होतो. सहा महिने, वर्षभर राबल्यावर त्या बाईच्या लक्षात येतं की पैसे येतात खरे, पण हातात उरत काही नाही आणि पाठ मात्र कायमची धरली आहे.

डबे बंद पडतात ते चव बिघडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी लावलेला भाव चुकलेला असतो आणि पुढे तो वाढवायची भीड पडते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा भावाला दिली आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे परवाने, भांडी, गिऱ्हाईक, त्यानंतर.

आधी ठरवा: कोणाला आणि किती

"सगळ्यांना डबा देऊ" असं म्हणून सुरुवात करू नका. वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला पोट भरायला हवं असतं. त्याला पाच पोळ्या द्याव्या लागतात आणि भाव कमी हवा असतो, शिवाय मे महिन्यात आणि दिवाळीत तो गावी जातो. कचेरीत जाणाऱ्याला वेळ पाळलेली हवी असते. बारा चाळीसला पोचलेला उत्तम डबा त्याच्या लेखी वाया गेलेला असतो. घरी एकटं राहणारं वयस्कर जोडपं कमी खातं, कमी तिखट आणि मऊ पोळी मागतं, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि पैसे पहिल्या तारखेला देतं. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने ज्येष्ठ नागरिक आणि एखादी जवळची कचेरी यांपासून सुरुवात करावी. विद्यार्थ्यांची संख्या मोहात पाडते, पण वर्षातले तीन-साडेतीन महिने ती तुमच्या हातात नसते.

संख्या ठरवताना चुलीपेक्षा पोळी बघा. भाजी दहा जणांची केली काय आणि पंचवीस जणांची केली काय, वेळेत फार फरक पडत नाही, मोठं पातेलं लागतं इतकंच. पोळीचं तसं नाही. एकटी बाई लाटून, भाजून तासाला चाळीस ते पन्नास घडीच्या पोळ्या करते, तेही हात चांगला चालत असेल तर. चार पोळ्यांचे पंचवीस डबे म्हणजे शंभर पोळ्या, म्हणजे दोन ते अडीच तास नुसत्या तव्यासमोर. या धंद्याची खरी मर्यादा तिथे आहे. पन्नास डब्यांची ऑर्डर "घेऊन तर ठेवू" म्हणण्याआधी दोनशे पोळ्या कोण लाटणार याचं नाव तुमच्याकडे तयार हवं.

पहिला महिना आठ-दहा डब्यांवर थांबा. नातेवाइकांना चाखायला देऊन काही कळत नाही, ते छानच म्हणणार. परत आलेल्या डब्यात काय उरलंय ते बघा. आमटी रोज अर्धी उरत असेल तर ती पातळ तरी आहे किंवा जास्त तरी आहे, आणि दोन्हींत तुमचे पैसे जात आहेत.

एका डब्याचा खरा खर्च

वजनकाटा घ्या. भांडी, मिक्सर, मोठी शेगडी यांच्याही आधी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. अंदाजाने टाकलेली मूठ घरात चालते, धंद्यात ती महिन्याला दोन-तीन हजारांचा फरक पाडते.

आता उदाहरण मांडू. पंचवीस डबे, प्रत्येकात चार पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा चटणी. खालचे भाव फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या वाण्याचे आणि मंडईचे भाव घालून हाच हिशेब स्वतः करा.

एक किलो कणकेत साधारण साडेसहाशे मिलिलिटर पाणी जातं आणि पन्नास ग्रॅमचा गोळा धरला तर ३० ते ३३ पोळ्या होतात. शंभर पोळ्यांना ३.२ किलो कणीक, ४५ रुपये किलोने १४४ रुपये. पोळीला लागणारं तेल ४० रुपये. भाजी निवडल्यावर जे उरतं त्यावर हिशेब करायचा, पिशवीतल्या वजनावर नाही. मटाराच्या शेंगा किलोभर आणल्या तर दाणे निम्म्याहूनही कमी निघतात, मेथीच्या जुडीतला मोठा भाग काड्या म्हणून जातो, बटाटा मात्र जवळजवळ सगळा वापरला जातो. सरासरी धरून चार किलो भाजी, ६० रुपयांनी २४० रुपये. फोडणीचं तेल, मसाला, कोथिंबीर, खोबरं १२० रुपये. डाळ माणशी २५ ग्रॅम, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम, ८८ रुपये. तांदूळ माणशी ६० ग्रॅम, दीड किलो, ९० रुपये. कोशिंबीर-चटणी-लोणचं डब्यामागे ४ रुपये धरून १०० रुपये.

ही बेरीज ८२२ रुपये होते. डब्याला तेहतीस रुपये.

इथेच बहुतेक जणी थांबतात. तेहतीसला पडतो, सत्तरला विकला, म्हणजे दुप्पट सुटले! आणि मग महिन्याअखेर पैसे कुठे गेले ते कळत नाही. ते पुढच्या ओळींत गेलेले असतात.

गॅस: व्यावसायिक सिलिंडर १,८०० रुपयांचा धरला आणि तो पंधरा दिवस पुरला तर दिवसाला १२० रुपये. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पोळीमागे अडीच रुपये, शंभर पोळ्यांचे २५० रुपये. भाजी चिरायला आणि भांडी घासायला मदतनीस, १५० रुपये. डबे पोचवणाऱ्याला डब्यामागे १० रुपये, म्हणजे २५०. वीज, पाणी, साबण, घासण्या, फोन, डब्यांची झीज मिळून ५० रुपये. उरलेलं, सांडलेलं, करपलेलं यासाठी सामानाच्या पाच टक्के, ४१ रुपये. आणि शेवटी ती ओळ जी कुठल्याच वहीत नसते: तुमची स्वतःची मजुरी. रोज साडेचार तास उभं राहून, भाजी आणून, हिशेब ठेवून, फोन घेऊन. दिवसाला ४०० रुपये धरा, हे काही फार नाहीत.

सगळं मिळून २,०८३ रुपये. एका डब्याला ८३ रुपये ३२ पैसे.

सत्तर रुपयांना डबा विकणारी बाई स्वतःची मजुरी सोडून डब्यामागे दोन रुपये अडुसष्ट पैसे कमावते. पंचवीस डब्यांचे दिवसाला ६७ रुपये. साडेचार तासांचे. "पण पोळ्या मीच लाटते ना," असं कोणी म्हणेल. मग २५० रुपये वाचले हे खरं, पण दोन-अडीच तास वाढले. ती पोळीवालीची मजुरी झाली, नफा नव्हे. ज्या दिवशी तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी पोळीवाली लावावीच लागेल आणि त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल. म्हणून आज स्वतः लाटत असलात तरी भावात पोळीवालीची मजुरी धरूनच चाला.

याच हिशेबात डबा शंभर रुपयांना गेला तर तुमची मजुरी निघून वर दिवसाला साधारण ४१७ रुपये राहतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पावणेअकरा हजारांच्या वर. त्यातून नवी शेगडी, डबे, मंदीचे महिने निघतात. "आमच्या भागात शंभर कोण देणार" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणजे डबा बदला, भाव नका बदलू. तीन पोळ्या आणि भाजी इतकाच छोटा डबा ठेवा आणि त्याचा हिशेब वेगळा मांडा. बऱ्याच ज्येष्ठ नागरिकांना तोच हवा असतो. पूर्ण डबा स्वस्तात देऊन भात कमी करणं, तेल हलकं वापरणं, आमटीत पाणी वाढवणं, ही वाट मात्र लवकर संपते.

खाडे आणि आगाऊ पैसे

मासिक गिऱ्हाइकाशी होणारी निम्मी भांडणं खाड्यांवरून होतात. म्हणून नियम पहिल्याच दिवशी लिहून व्हॉट्सअपवर पाठवा, तोंडी सांगू नका. बऱ्याच जणींकडे चालणारी एक रीत अशी: खाडा आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवायचा. सकाळी कळवलेला खाडा धरला जाणार नाही, कारण तोवर भाजी आणलेली असते. महिन्याला चार खाड्यांपर्यंत दिवस पुढे ढकलले जातील, पैसे परत मिळणार नाहीत. आठवड्याहून जास्त बाहेरगावी जायचं असेल तर तीन दिवस आधी सांगायचं. आठवड्याची सुट्टी रविवार, आणि सणांच्या सुट्ट्यांची यादी महिन्याच्या सुरुवातीला.

पैसे आगाऊ, महिन्याच्या एक ते पाच तारखेत. नव्या माणसाला पूर्ण महिना नको असेल तर आठवड्याचे आगाऊ घ्या. उधारीवर चालणारा डबा म्हणजे तुम्ही लोकांना बिनव्याजी कर्ज देताय आणि वर जेवायलाही घालताय. ओळखीच्या माणसाला "आगाऊ द्या" म्हणायला जड जातं, पण सगळ्यांना एकच नियम असला की कोणाला राग येत नाही. शेजारच्या वहिनींनाही तोच.

डबे स्टीलचे आणि प्रत्येकाचे दोन: एक जातो, एक येतो. अनामत रक्कम घ्या, डब्यावर नाव किंवा क्रमांक कोरून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आहे, पण खरं कारण हे नाही. वापरून फेकायच्या डब्याचा खर्च रोज येतो, स्टीलचा एकदाच.

कागदपत्रं

घरातून विका किंवा दुकानातून, खाद्यपदार्थाचा धंदा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली येतो. लहान व्यवसायाला नोंदणी लागते, मोठ्याला परवाना. दोन्ही फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतं, राज्यात काम अन्न व औषध प्रशासन बघतं. कितीपर्यंतच्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरते ही सीमा २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपये अशी होती. असे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जे लिहिलं आहे तेच धरा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा इतकं हाताशी ठेवा. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो बिलावर आणि व्हॉट्सअपच्या माहितीत टाका. घरपोच खाणं विकणारी अॅपं या क्रमांकाशिवाय तुम्हाला घेत नाहीत, आणि कचेऱ्याही विचारतात. एजंटाला हजारो रुपये देण्याचं कारण नाही, दहावी झालेला घरातला मुलगा हे भरून देऊ शकतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. गुगलवर शोधलं की सरकारी दिसणारी, पण शुल्क मागणारी खाजगी संकेतस्थळं आधी येतात, तिथे फसू नका. दुकान घेतलंत तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची कायदेशीर नोंदणी, आलाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील (मूळ कायद्यात दहापेक्षा कमी) तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. जीएसटीचा प्रश्न सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर येतो. पंचवीस डबे, शंभर रुपये, सव्वीस दिवस धरून बघा: वर्षाचे आठ लाखही होत नाहीत.

सिलिंडरबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. "सगळे वापरतात" हे खरं असलं तरी तपासणी आली किंवा अपघात झाला तर सगळे येत नाहीत, विमाही हात वर करू शकतो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो, त्याच्यावर जीएसटीही घरगुतीपेक्षा जास्त आहे. म्हणून वरच्या हिशेबात तोच धरला आहे.

सदनिकेत राहत असाल तर सोसायटीशी आधी बोला. तक्रारी बहुधा तीनच असतात: फोडणीचा वास आणि धूर, लिफ्टमध्ये डब्यांची गर्दी, आणि मोरीच्या पाइपात अडकलेलं तेल. तिन्हींवर तुमच्याकडे उत्तर तयार असेल, तर बैठकीत विषय निघाला तरी आटोपतो.

भांडवल

आठ-दहा डब्यांना बाहेरचं कर्ज लागत नाही. काटा, जाड बिडाचा तवा, एक मोठा कुकर, दोन पातेली, डब्यांचे दोन संच आणि महिनाभराचा किराणा, इतक्यात सुरुवात होते. पोळ्या करायचं यंत्र सुरुवातीला घेऊ नका, दुकानदार कितीही गळ घालो. गिऱ्हाईक तुमच्याकडे हाताच्या पोळीसाठी येतं. कणीक मळायचं यंत्र वेगळं, रोजच्या दीडशे-दोनशे पोळ्यांवर गेलात की ते मनगटं वाचवतं.

कर्ज लागलंच तर आधी बँकेत जा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, पुढे किशोर गटात ५ लाखांपर्यंत. हा मुद्दा जुना आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत वर्षानुवर्षं अडकलेल्या असत, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याच्या खटपटीतूनच. वाणी आजही उधार देतो, पण त्याच्याकडे उधारी असली की भाव आणि माल दोन्ही त्याच्या मर्जीचे होतात. महिन्याचा किराणा रोख घेणाऱ्या बाईला घासाघीस करता येते. तुमच्या वस्तीत चांगला चाललेला बचत गट असेल तर छोट्या रकमेसाठी तो बँकेपेक्षाही सोपा.

आठवड्याचा तक्ता, ऋतू आणि उपवास

दोन आठवड्यांचा भाज्यांचा तक्ता करा आणि फ्रिजवर लावा. रोज सकाळी "आज काय करू" हा विचार करण्यात जाणारी अर्धा तास मेहनत वाचते, आणि गिऱ्हाइकाला सोमवारी परत बटाटा दिसत नाही. तक्त्यात आठवड्यातून दोन दिवस कडधान्याची उसळ हवीच: मटकी, मूग, चवळी, वाल. एक तर लोकांना आवडते, दुसरं म्हणजे पावसाळ्यात पालेभाजी महाग होते आणि चिखलाने भरलेली येते तेव्हा हाच आधार असतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, तेव्हा चिंच, आमसूल आणि ताक वापरणाऱ्यांचं काही अडलं नाही. हिवाळ्यात उलटं करा, मटार, गाजर, फ्लॉवर, पावटे स्वस्त असताना भरपूर द्या. लोक वर्षभर तीच आठवण काढतात.

श्रावणात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांना वेगळी भाजी करण्यापेक्षा महिनाभर सगळ्यांची भाजी बिनकांद्याची करा, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत, आणि तसं आधी जाहीर करा. सोमवार, एकादशी, संकष्टी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, या दिवशी नेहमीचे डबे घटतात. त्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचा भात आणि दाण्याची आमटी असा उपवासाचा डबा ठेवला तर घट भरून निघते. साबुदाणा आणि दाणे स्वस्त नाहीत, त्यामुळे या डब्याचा भाव वेगळा काढा. गणपतीत मुंबई-ठाण्याचा निम्मा चाकरमानी कोकणात असतो, तेव्हा डबे कमी होणार हे धरून त्या आठवड्यात मोदकांच्या ऑर्डर घ्या. मे महिन्यात विद्यार्थी नसतात. या महिन्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच थोडे पैसे बाजूला ठेवायला हवेत.

सकाळचं वेळापत्रक आणि स्वच्छता

डबे सव्वाअकराला निघायचे असतील तर भाजी आदल्या रात्री निवडलेली हवी. सकाळी साडेसातला कणीक, सव्वाआठपासून पोळ्या, नऊला भाजी आणि आमटी, भात सगळ्यात शेवटी, आणि पावणेअकराला भरायला सुरुवात. भरताना प्रत्येक पदार्थाला ठरलेला एकच डाव वापरा. एकाला जास्त, एकाला कमी गेलं की एकाच कचेरीतले दोघं शेजारी बसून डबे उघडतात आणि ते लगेच दिसतं.

पोळी तव्यावरून थेट डब्यात टाकू नका, वाफेने घाम सुटून खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात. जाळीवर थोडी निवू द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्रात कधीच नको, शाईतली रसायनं अन्नात उतरतात आणि कायद्यानेही ते चालत नाही.

गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, यांच्या मधल्या तापमानात जिवाणू भराभर वाढतात. घरगुती डब्यात सगळ्यात फसवा पदार्थ भात आहे. तांदळातले काही जिवाणू शिजवल्यावरही टिकून राहतात, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. कालचा भात फोडणी देऊन घरच्यांनी खायचा की नाही ते त्यांनी ठरवावं, गिऱ्हाइकाच्या डब्यात तो जाता कामा नये. उन्हाळ्यात ओला नारळ आणि दह्याची कोशिंबीर जपून. दही वेगळ्या डबीत द्या किंवा एप्रिल-मेमध्ये काकडीला नुसता दाण्याचा कूट आणि लिंबू. आणि पोट बिघडलेल्या बाईने त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, पोळीवाली असो वा मालकीण.

म्हणूनच बदली माणूस हवं. एक पोळीवाली कामावर आणि दुसरीचा फोन नंबर जवळ, असं नेहमी ठेवा. लग्नसराईत आणि सणाच्या आठवड्यात पहिली सुट्टी घेणारच, तिचंही घर आहे. तिला पैसे आठवड्याला द्या, दिवाळीला वर काहीतरी द्या. चांगली पोळीवाली निघून गेली की गिऱ्हाइकं तिसऱ्या दिवशी विचारतात. जवळपास डबे देणारी दुसरी बाई असेल तर तिला स्पर्धक मानू नका, दोघींनी ठरवून एकमेकींच्या अडचणीच्या दिवशी डबे सांभाळा. भाव आणि डब्याचा आकार मात्र आधी जुळवून घ्या.

वही

रोज पाच आकडे लिहा: किती डबे गेले, किती खाडे, सामानावर किती खर्च, मजुरी किती, किती पैसे आले. पाच मिनिटांचं काम आहे. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि त्याचाच यूपीआय क्यूआर गिऱ्हाइकांना द्या. घरातला दूधवाला आणि मुलांची फी त्या खात्यातून जायला लागली की महिन्याचा हिशेब कधीच लागत नाही. स्वतःची मजुरी महिन्याला ठरलेल्या तारखेला त्या खात्यातून आपल्या खात्यात वळवा. लहान धंद्यांना आयकरात उलाढालीवर अंदाजित नफा दाखवण्याची सोय आहे: रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के. तीन-चार वर्षं विवरणपत्र भरलेलं असेल तर पुढचं कर्ज मिळवणं सोपं जातं.

अॅपवर जायचं का, दुकान घ्यायचं का

घरपोच खाणं विकणाऱ्या अॅपवर जाण्याआधी त्यांचा करार शांतपणे वाचा. कमिशन, त्यावरचा कर, सवलतींमधला तुमचा वाटा आणि पॅकिंग. वर ८३ रुपयांना पडलेल्या डब्यातून पोचवणीचे दहा वजा करा, मग शंभराच्या विक्रीतून अॅप किती कापतं ते बघा. शेकडा पंचवीस कापले आणि पॅकिंगला आठ रुपये गेले तर हातात ६७ रुपये आले आणि खर्च ७३. म्हणजे अॅपवर भाव वेगळा आणि बराच जास्त लावावा लागतो. मासिक डब्यांचा धंदा अॅपला मानवत नाही, सुटी ऑर्डर, थालीपीठ, पुरणपोळी अशा गोष्टींना तो बरा.

पोळी-भाजी केंद्राचं स्वप्न बहुतेकींना असतंच. संध्याकाळी सात ते नऊ, कामावरून परतणारी माणसं, पाच पोळ्या आणि पाव किलो भाजी. गाळा बघायला जाण्याआधी हा हिशेब करा. भाडं १५ हजार, वीज ३ हजार, एक माणूस १२ हजार धरा, म्हणजे महिन्याला ३० हजार, सव्वीस दिवसांत रोजचे १,१५४ रुपये. पोळी दहाला विकून साडेपाचला पडत असेल तर साडेचार सुटतात, पाव किलो भाजी साठला विकून पस्तीसला पडली तर पंचवीस. पाच पोळ्या आणि एक भाजी नेणाऱ्या गिऱ्हाइकामागे ४७ रुपये ५० पैसे. रोजची पहिली पंचवीस गिऱ्हाइकं नुसती गाळ्याच्या खर्चाला जातात, तुमची कमाई सव्विसाव्यापासून. जागा पक्की करण्याआधी तिथे आठवडाभर संध्याकाळी उभं राहून माणसं मोजा, स्टेशनवरून घराकडे जाणारी बाजू कोणती तेही बघा. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा गाळा दोन हजारांनी स्वस्त असतो, त्याला कारण असतं.

भाव कधी वाढवायचा

दर सहा महिन्यांनी वरचा हिशेब नव्या भावांनी मांडा. एका डब्याचा खर्च पाच रुपयांहून जास्त वाढला असेल तर भाव वाढवायची वेळ झाली. वर्षातून एकदाच, ठरलेल्या महिन्यात वाढवा. जून चांगला: शाळा-कॉलेजं सुरू होतात, नवी गिऱ्हाइकं येतात आणि ती नव्या भावानेच येतात. महिनाभर आधी कळवा आणि एका ओळीत कारण द्या, तेल, गॅस, मजुरी, जे असेल ते. माफी मागत लिहू नका. दोन-तीन जण सोडून जातील. पंचवीसातले दोन गेले आणि बाकीचे तेवीस जण दहा रुपये जास्त देऊ लागले तर दिवसाला २३० रुपये जास्त आले. सुटलेल्या दोन डब्यांची जुन्या भावाने १६ रुपये ६८ पैशांप्रमाणे मिळणारी शिल्लक ३३ रुपये होती, आणि आठ पोळ्या कमी लाटाव्या लागतात.